भोगले सरांची पाहणी

भोगले सर पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्या एका हातात झाडू होता आणि दुसऱ्या हातात केअरवोखेची पाटी. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. "मधमाश्या पाळता का हो तुम्ही?" असं त्यांनी विचारलं.

मी मनात म्हटलं, झालं! आधीच या बिल्डिंगमध्ये एकेक नग भरलेत, त्यात आणखी एकाची भर.

केअरवोखे हे स्टुटगार्टचं खास प्रकरण आहे. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी अडकते आणि त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट, दारापुढचा फुटपाथ, थंडीत पडलेला बर्फ, सगळं त्यानं साफ करायचं. तुम्ही कंपनीत मोठे साहेब असाल नाहीतर आणखी कोणी, पाटी आली की कंबर वाकवायची. सर आमच्या वरच्या मजल्यावर नुकतेच राहायला आले होते आणि आपला आठवडा उरकून ती पाटी माझ्याकडे द्यायला आले होते.

"मधमाश्या? तिसऱ्या मजल्यावर?" मी विचारलं.

"नाही नं? मग 'नाही' असं लिहायचं." ते एकदम खूश झाले. "अठराव्या शतकात स्पेनमध्ये, कास्टिल प्रांतात, गावोगावी हा प्रश्न विचारला होता. मधमाश्यांच्या पेट्या किती, कोणाच्या. ज्या गावात एक माशी नव्हती त्या गावानंही उत्तर दिलं. बाप्पा, काय पाहणी होती ती!"

नवरा आतून ओरडला, "वैशाली, कोण आहे गं?" मी म्हटलं, "स्पेनचे आहेत." यावर सर इतके मोठ्यानं हसले की खालून फ्राऊ आयझेले या शेजारणीनं दार उघडून वर बघितलं.

ते होते अमरावतीचे. पुण्यात स्पॅनिश शिकले, तिथून माद्रिद, तिथून जर्मनी. स्टुटगार्टहून तासाभराच्या अंतरावर एका विद्यापीठात ते इतिहास शिकवायचे. विषय एकच. स्पेनच्या गादीवर फ्रान्सच्या राजाचा नातू येऊन बसला, बुर्बोन घराणं सुरू झालं, आणि त्या घराण्यानं एक मोडकळीला आलेला देश कागदावरून नीट करायचा घाट घातला, तो. आमच्या ओळखीत सगळे गाड्यांचे लोक. कोणी ब्रेकवाला, कोणी बॅटरीवाला, मी स्वतः गिअरबॉक्सवाली. जेवायला जमलो की व्हिसा, शाळा, भाडं आणि कोणाच्या कंपनीतनं कोणाला काढलं एवढंच बोलणं. त्यात हा माणूस भाजीचं भांडं पुढे सरकवता सरकवता म्हणायचा, "त्या राजाला उदासीचा आजार होता हो. दिवसेंदिवस अंथरुणातून उठायचा नाही. आणि तरी त्याच्याच काळात बदलायला सुरुवात झाली. म्हणजे बघा." आम्ही काय बघायचं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

उंच, थोडे वाकलेले, बारा महिने एकच तपकिरी स्वेटर. चहाला कधी नाही म्हणायचे नाहीत, पण चहा आला की विसरायचे आणि गार झाल्यावर एका दमात प्यायचे. कोणाच्याही घरात शिरले की मान वर करून छताकडे, मग खिडक्यांकडे बघायचे. ही त्यांची पाहणी. "आधी पाहायचं, मग विचारायचं, मग सुधारायचं. जो थेट सुधारायला जातो तो लाथा खातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, एका वृद्धाश्रमात कामाला होत्या. त्या म्हणायच्या, "आणि यांच्यासारखा जो पाहून सुधारायला जातो तो काय खातो, तेही सांगा की!"

ते काय खातात ते आम्ही लवकरच पाहिलं. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहायचे, त्यांना गुडघ्यानं जिना उतरणं मुश्कील. त्यांनाही पाटी यायचीच, कारण पाटी सगळ्यांना. एका थंडीत ते बर्फावर पडता पडता वाचले. सरांनी मनावर घेतलं. प्रत्येकाच्या घरी गेले, कोण कधी घरी असतं, कोणाची पाठ दुखते, कोणाला बर्फ काढायला आवडतो असं सगळं विचारून आले. असा आवडणारा एक निघालासुद्धा! मग त्यांनी नवी पद्धत बसवली. म्हाताऱ्यांना फक्त पत्रपेट्या पुसायच्या, बर्फ तरुणांनी काढायचा, आणि जिना ज्याच्या त्याच्या मजल्याचा. अगदी चोख. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्राऊ आयझेले, जी पहिल्या मजल्यावर राहते आणि त्या पाटीची खरी मालकीण आहे, तीसुद्धा "जा, जा" म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो" म्हणाली.

हिवाळा सरेपर्यंत ती पद्धत चालली. मग एक दिवस जुनी पाटी पुन्हा कोणाच्या तरी मुठीला लटकलेली दिसली. सर फ्राऊ आयझेलेकडे विचारायला गेले. ती म्हणाली, तुमची पद्धत फार चांगली होती भोगलेसाहेब, काही तक्रार नाही, पण आमच्यात असं करत नाहीत. आणि गंमत सांगते, सगळ्यात जास्त आनंद त्या म्हाताऱ्या गृहस्थांनाच झाला. पत्रपेट्या पुसायला लावल्या म्हणून ते रुसून बसले होते!

"तुम्हाला राग नाही आला?" मी सरांना विचारलं. मला स्वतःलाच आला होता.

"कशाचा राग? सगळं कास्टिल त्यांनी मोजलं, वैशालीताई. प्रत्येक शेत, प्रत्येक घर, झाडं, मेंढ्या. कशासाठी? तर सगळ्यांना एकच कर लावायचा, उमराव असो, धर्मगुरू असो, नांगर धरणारा असो. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं द्यायचं. इतका सुंदर विचार! आणि तो कर कधी आलाच नाही."

"का पण?"

"प्रत्येकाला पटला होता. फक्त प्रत्येकाचं म्हणणं होतं की आम्हाला तेवढं वगळा." त्यांनी गार चहा गटकन संपवला. "सगळ्यांनी स्वतःला वगळलं की मग उरतं कोण?"

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. जेवणानंतरचं बोलणं, त्यात काय लक्ष द्यायचं.

दिवाळीच्या कार्यक्रमात एकदा आमच्या मंडळींनी सरांना बोलायला उभं केलं. खरं तर गाणारी बाई ऐन वेळी आजारी पडली म्हणून. फराळाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या इंजिनियरांसमोर सर उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुम्हाला जर्मनीतून नोकरीसाठी परदेशी गेलेल्या लोकांची गोष्ट सांगतो." सगळे सावध झाले. गोष्ट अशी, की त्याच घराण्यातल्या एका राजाला आपल्या देशातला एक ओसाड डोंगराळ मुलूख वसवायचा होता. माद्रिदहून दक्षिणेला जाणारा रस्ता तिथून जायचा आणि त्यावर नुसते लुटारू. मग एका दलालानं ऱ्हाइनच्या काठानं, याच आपल्या आसपासच्या भागात पत्रकं वाटली. जमीन मिळेल, गाय मिळेल, घर मिळेल, चर्च मिळेल. हजारो माणसं पोराबाळांसह निघाली. तिथं पोचली तर घरंही तयार नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात तापानं माणसं पटापट गेली. जी जगली त्यांनी सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांवर गावं वसवली. ती गावं अजून आहेत. रस्ते अजून सरळ आहेत. आडनावं अजून जर्मन आहेत, फक्त उच्चारता येत नाहीत कोणाला.

सरांची मुलगी ईरा तेव्हा शाळेत होती. ती मागून जर्मनमध्ये म्हणाली, "पाप्पा, पण तिथं काही नाहीये हे त्यांना कोणी सांगितलं नाही का?"

सरांनी मराठीत उत्तर दिलं. त्यांच्या घरात असंच चालायचं, ती जर्मन, हे मराठी. "सांगितलं असेल, बेटा. पण पत्रक छापील होतं नं."

सगळे हसले. आमच्या सगळ्यांच्या घरी छापील करार होते. मग हसू कुठे तरी मध्येच थांबलं, आणि कोणीतरी घाईघाईनं म्हणालं की चला, चकल्या मऊ पडतील.

आता खरी गोष्ट. इथल्या विद्यापीठांत तात्पुरत्या करारावर माणसाला ठरावीक वर्षंच ठेवता येतं. मग एक तर कायम करायचं, नाहीतर नारळ द्यायचा. सरांची ती वर्षं संपत आली होती. ज्या प्राध्यापकांनी सरांना आणलं ते "तुझं कायमचं मी बघतो" असं दरवर्षी म्हणायचे, आणि तसंच म्हणता म्हणता निवृत्त झाले. त्यांच्या जागी उत्तरेकडून एक बाई आल्या, सोबत आपली दोन माणसं घेऊन. सर आमच्याकडे येऊन म्हणाले, "नवं घराणं आलं." पण डोळे चमकत होते त्यांचे. नवं घराणं म्हणजे सुधारणा. या माणसाला आयुष्यात दुसरं काही सुचलंच नव्हतं.

बाई वाईट नव्हत्या, उगाच कशाला खोटं बोलू. त्यांनी सरांचे लेख वाचले होते. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, मला सगळ्या विभागाची नवी रचना करायची आहे, माझ्याकडे कायमची जागा फक्त एक आहे, ती कुठल्या शाखेला द्यायची, काय ठेवायचं, काय बंद करायचं, हे ठरवायला एक प्रामाणिक अहवाल हवा. तुम्ही आयुष्यभर याचाच अभ्यास केलात. तुम्हीच लिहा.

दुसऱ्या कोणाला ही चिठ्ठी लागली असती तर त्यानं त्याच दिवशी आपल्या नावाची पाटी करून घेतली असती. कुंदावहिनींनी तर देवापुढे पेढे ठेवले. त्या मला जिन्यात म्हणाल्या, "आता एकदाचं मिटेल गं. ईराचं शिक्षण होईपर्यंत तरी हलायला लागू नये." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं हलकेपण मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

सरांनी पाहणी सुरू केली. प्रत्येक खोलीत गेले. कोण काय शिकवतं, वर्गात किती पोरं बसतात, कोण सेक्रेटरीकडून स्वतःची खाजगी कामं करून घेतं, कुठली खोली वर्षभर कुलूपबंद असते. लोकांना आधी धास्ती वाटली, मग ते बोलायला लागले. त्या दिवसांत सर स्टेशनवरून घरी पायऱ्या चढत यायचे, आमच्या डोंगरावर रस्त्यापेक्षा पायऱ्याच जास्त, तर ते त्या पोरासारखे चढायचे. एकदा मला म्हणाले, "वैशालीताई, पहिल्यांदाच असं वाटतंय की मी त्या कास्टिल मोजणाऱ्यांतला एक आहे. राजानं पाठवलेला. घोड्यावर बसून, प्रांतात."

अहवाल पूर्ण झाल्यावर ते तो घेऊन माझ्याकडे आले, तक्ते नीट झालेत का बघायला. रविवारची सकाळ होती, कुंदावहिनीही आल्या होत्या. मी वाचत गेले. प्राध्यापकांनी शिकवण्याचं ओझं समान वाटून घ्यावं. कुलूपबंद खोल्या विद्यार्थ्यांना द्याव्यात. सेक्रेटरींना पूर्णवेळ करावं. छान होतं सगळं. मग शेवटच्या भागाशी आले आणि मी पुन्हा वरून वाचलं. मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय.

"सर, ही कायमची जागा तुम्ही पूर्व युरोपच्या शाखेला दिलीत?"

"गेनाऊ. बरोबर."

"आणि स्पेनची शाखा बंद करायची?"

"विद्यार्थी नाहीत हो. मोजून ठेवलंय मी. पूर्व युरोपला वर्ग भरून वाहतात आणि तिथं शिकवायला कोणी नाही. आकडे हेच सांगतात."

"अहो सर, स्पेनची शाखा म्हणजे तुम्ही!" माझा आवाज चढला. "तुम्ही सोडून तिथं आहे कोण? अवदसा आठवली का तुम्हाला?"

कुंदावहिनींना तोवर काही माहीत नव्हतं. त्या सोफ्यावर बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, तेवढं एक पान बदला. बाकी सगळं राहू द्या. कोणाला कळणार आहे?"

"मला."

"मग मला काय कळतं ते विचारा की एकदा. सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरता."

सरांनी मान खाली घातली. शेवटी ते म्हणाले, "कुंदा, मी बाकीच्यांना सांगायचं की हे सोडा, ते सोडा, आणि माझ्यापाशी आलो की डोळे मिटायचे? मग मी इतकी वर्षं काय लिहिलं? कशानं बुडालं ते सगळं, हेच तर लिहिलं नं? एकानं तरी स्वतःला वगळायला नको. एकानं सुरुवात केली की बाकीच्यांना तोंड राहत नाही."

"राहतं," वहिनी म्हणाल्या. "चांगलं मोठं तोंड राहतं."

त्यांनी सोफ्यावरची उशी नीट केली आणि वर निघून गेल्या. त्या क्षणी मला सरांचा इतका संताप आला होता की तो अहवाल फाडून गॅलरीतून फेकावासा वाटला. नुसतं एक पान! पण ते बसले होते स्वेटरच्या बाहीचा सुटलेला धागा ओढत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. त्यांना मनापासून वाटत होतं की यावेळी जमेल.

अहवालाची फार वाहवा झाली म्हणे. बाईंनी सभेत तो वाचून दाखवला. मग चर्चा. समान ओझ्याच्या कल्पनेला सगळ्यांचा पाठिंबा, फक्त प्रत्येकाच्या बाबतीत काही खास अडचण होती. खोल्यांचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. सेक्रेटरींसाठी समिती नेमली. थोडक्यात, एकच शिफारस लगेच आणि एकमतानं मंजूर झाली. स्पेनची शाखा बंद.

आणि ती कायमची जागा? ती पूर्व युरोपलाही गेली नाही. बाईंनी उत्तरेकडून आणलेल्या दोघांपैकी एकाला ती मिळाली.

हे सर मला सांगत होते ते बसथांब्यावर, पावसात. मी म्हटलं, "सर, भांडा. वकील करा. काही तरी करा!" ते म्हणाले, "नियमानं झालंय सगळं. माझ्याच अहवालाच्या आधारानं झालंय." निरोपाला केक आणला होता, बाईंनी सरांच्या सचोटीवर छान भाषण केलं, आणि बोलताना त्यांचा आवाज खरोखर कापला, हेही सरांनी सांगितलं. त्यांना तेही नोंदवायचं होतं.

मग अर्ज. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बुर्बोन सुधारणांचा जाणकार. स्पेनमध्ये, इथं, भारतात. कुठून उत्तर आलं नाही, कुठून आलं ते फार सभ्य आलं. सरांनी आमच्या घरी येणं कमी केलं. आले तरी छताकडे बघायचे नाहीत. चहा गरम असतानाच प्यायचे. कुंदावहिनींच्या एकटीच्या पगारात आमच्या बिल्डिंगचं भाडं झेपेना, तेव्हा त्यांनी शहराबाहेर, प्लोखिंगनच्या पुढे कुठेतरी लहान घर घेतलं. सामान हलवायच्या दिवशी पाटी नेमकी त्यांच्या दाराला होती. सरांनी ट्रक उभा ठेवून जिना वरपासून खालपर्यंत पुसला आणि पाटी माझ्या दाराच्या मुठीला अडकवली. मधमाश्यांचं काही विचारलं नाही. फ्राऊ आयझेले रडली. मी नाही रडले. मला अजून राग होता.

त्यानंतर या जानेवारीत गाठ पडली, तीही ध्यानीमनी नसताना. खाली मुख्य दाराला नेहमीचा कागद लागला होता. हीटरच्या वापराचे आकडे टिपायला माणूस येणार, सकाळी घरी थांबा. आमच्या कंपनीत कुर्त्सआरबाइट चालू आहे, म्हणजे काम निम्मं आणि पगारही तसाच, त्यामुळे मी घरीच असते. बेल वाजली. दार उघडलं तर कंपनीचं नाव छापलेलं निळं जाकीट, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, हातात टॅबलेट, आणि भोगले सर.

"सर!"

"किती रेडिएटर? पाचच नं अजून?" ते म्हणाले. मग जरासं हसल्यासारखं करून, "मला माहीत आहे म्हणा."

मी चहा टाकते म्हटलं. नको म्हणाले, प्रत्येक घराला वेळ ठरवून दिलेला असतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चहाला नाही म्हटलं. ते एकेका खोलीत गेले, प्रत्येक हीटरसमोर गुडघ्यावर बसले, आकडा वाचला, टॅबलेटवर टिपला, हीटरवर हात टेकून उठले. मी मागे मागे फिरत होते. कुंदावहिनी? बऱ्या आहेत. ईरा? शिकतेय, दुसऱ्या गावी, फोन करते. जर्मनमध्येच ना? हो. लिहिताय का काही? यावर ते स्वयंपाकघरातल्या हीटरवर वाकले आणि आकडा मोठ्यानं वाचला.

मला ते सहन होईना. काही तरी करून या माणसाला एकदा हसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दाराशी ते सहीसाठी टॅबलेट पुढे करणार, तेवढ्यात मी म्हटलं, "सर, एक प्रश्न राहिला की तुमचा."

"कोणता?"

"मधमाश्या."

ते हसले नाहीत. त्यांनी खरोखर टॅबलेटकडे पाहिलं, बोटानं वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा एकदा वर सरकवलं.

"त्याला रकाना नाही यात," ते म्हणाले. "इथं बोटानं सही करा."

मी सही केली. आठवडा माझा होता, पाटी मुठीला लटकत होती, जाता जाता त्यांनी ती सरळ केली. मग शेजारची बेल वाजवली, दार उघडेपर्यंत जमिनीकडे बघत उभे राहिले, आणि आत जाऊन जर्मनमध्ये विचारलेलं मला ऐकू आलं, किती खोल्या, किती हीटर.